उकंडरावांचा चहा

मामाजींच्या आधीची तीन जगली नाहीत,
म्हणून चौथ्याला उकिरड्यावर लोळवलं,
दाईला एक पायली ज्वारी देऊन सुपातून परत विकत आणलं,
नाव ठेवलं उकंडा.
वीज मंडळात तीस वर्षं खांबावर चढले.
पगारपत्रकावर हेच नाव,
कधी बदललं नाही, कधी लाजले नाहीत.

आता मोरीमागे निळं पिंप.
शेणखत, गांडूळखत, जुन्या वडाखालची मूठभर माती,
काळा गूळ, चिमूट बेसन,
आणि परतवाड्याहून आणलेला
मासोळ्यांच्या पेटीत लावतात तो पंप.
रात्रभर बुडाशी गुडगुड,
जसं कोणी म्हातारं अंधारात हुक्का ओढतं.

"चहा उकळू राह्यला," म्हणतात.
विस्तव नाही, वाफ नाही.
तासातासाला झाकण उचलून नाक घालतात:
नांगरटीचा वास आला तर चहा,
नासक्या अंड्याचा आला तर गटार.
वहीत नोंद. तारीख, गूळ किती,
फेस किती बोटं, वास कसा.
माझ्या हातच्या चहाला
अठरा वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत, कसा झाला.

शिवरात्रीला भांग वाटलेला पाटा
मी तिथंच मोरीमागे धुतला होता.
चैत्रात एक रोप वर आलं.
मला वाटलं अंबाडी.
भाजीपुरती खुडायला हात घातला
तर मागून आवाज, "थांब सुनबाई. बोटं मोज बरं पानाची."
सात. करवतीच्या काठाची.
"उद्या उपटतो," म्हणाले.

वैशाख गेला उद्या-उद्यात.
वांग्यांना एकेक मग, मिरचीला अर्धा,
पोईच्या वेलाला उरलंसुरलं.
त्याला मोजून काहीच नाही,
तोटीतून गळायचं तेवढं.
तरी तेच आधी माझ्या कमरेला लागलं,
मग खांद्याला,
मग कुंपणावरून रस्ता पाहू लागलं.

"काहून ठेवता हो मामाजी?"
"वांगं लबाड असते, कशावरही येते.
चहा कसा जमला ते हेच खरं सांगते."

श्रावणात एका रात्री लाइन गेली.
गुडगुड थांबली अन् मामाजी झोपेतून उठले,
बाकी आम्ही सारे घोरतच होतो.
मी गेले तेव्हा पिंपात बांबू घालून ढवळत होते,
घामानं बंडी पाठीला चिकटलेली.
मी टॉर्च धरला.
भिंतीवर त्या पानांचे हात,
मोठाले, हलणारे.
"आत जीव आहेत. श्वास तुटू द्याचा नाही,"
एवढंच बोलले.
पहाटे लाइन आली तोवर
ते आकडे मोजत होते,
तीनपाशी येऊन पुन्हा एकपासून.

पोळ्याच्या आधी पोलीस पाटील आले, शालिग्राम बापू.
खाटेवर बसले, माझा चहा प्याले,
कुंपणाकडे पाहिलं, बशी खाली ठेवली.
"उकंडदादा, हे काय?"
"उकिरड्यावर आलं, बापू. माह्यासारखंच."
बापू हसले नाहीत.
दुसरा कप मागितला,
अन् तो पाठमोरं बसून प्याले.
जाताना दारातून म्हणाले,
"मंगळवारी ठाण्यातले येऊ राह्यले गावात."

सोमवारी दिवेलागणीला
मामाजींनी दोन्ही हातांनी उपटलं ते.
मुळं पांढरी, शेवयांसारखी,
माती सुटता सुटेना.
विळीवर बारीक चिरलं,
मेथी चिरावी तसं,
आणि पिंपात.
गूळ दुप्पट टाकला. पंप लावला.

रात्री उशिरा वही उघडली.
सोमवार. गूळ दोन मुठी. फेस चार बोटं.
वासाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
झाकण उचलून धरलं त्यांनी,
माझ्याकडे न पाहता म्हणाले,
"तूच पाह्य. कसा झाला?"

मी पदर खोचून वाकले.