सांधणी

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, रात्रीचे सव्वाअकरा.
येमुल शेठच्या कारखान्यात दोन माग चालू, सहा बंद.
ऑफिसात मी, एक पंखा
आणि स्क्रीनवर एक्केचाळीस लाल ओळी:
अनडिफाइन्ड रेफरन्स.
अनडिफाइन्ड रेफरन्स.

कंपायलरची तक्रार नव्हती. त्याला हेडर पुरलं.
हेडर म्हणजे लग्नपत्रिका,
'आपले नम्र'खाली बावीस नावं छापलेली.
मांडवात खरंच कोण आलंय
ते लिंकर बघतो, पंगतीत पानं मोजत.

चादरीचं चित्र वाचायचं, जॅकार्डची पट्टी काढायची,
एवढाच माझा प्रोग्राम.
चित्र वाचणारी लायब्ररी दुसऱ्याची,
कुठल्या देशातल्या, कधी न भेटणाऱ्या माणसाची.
ती डिस्कवर आहे. फोल्डरात जाऊन
नाव वाचून आलो, दोनदा.
तरी हा म्हणतो, नाही.

खिडकीपलीकडे राजमल्लू मामा
नवा बीम जुन्याला सांधत होता.
बोटांना राख. एका हाताला जुनं टोक, दुसऱ्याला नवं,
चिमूट, पीळ, पुढचं.
चोवीसशे टोकं. तोंडात तंबाखू, म्हणून बोलणं नाही.

थुंकून चहाला आत आला.
"काय बे, तुटलं काय?"
तुटलं नाही मामा, जुळंना.
"कुठलं टोक आधी घेतलास?"

(त्यानंच मला वाट दाखवली, असं मी पुढे सांगत फिरलो.
खरं तर गाडी पंक्चर झाली तरी
तो हेच विचारतो.)

मी लायब्ररी आधी लिहिली होती, माझी फाइल मागून.
लिंकर डावीकडून वाचत येतो, एकदाच.
लायब्ररीच्या दारात उभा राहून पुकारतो,
कुणाला काही हवंय?
तोवर कुणी काही मागितलेलंच नसतं.
तो पुढे सरकतो. मग माझी फाइल हात पसरते,
आणि तो मागे वळत नाही.
मागणारा आधी लिहायचा, देणारा नंतर.
एक्केचाळिसाच्या तीन झाल्या.

त्या तिघी निराळ्या.
सी प्लस प्लसनं नावांना शेपट्या जोडलेल्या,
आणि लायब्ररी जुनी, साध्या सीमधली,
पाळण्यातल्या नावालाच ओ देणारी.
हे मला कुणी शिकवायला नको.
घरी तेलुगूत मी चिन्ना, दाखल्यावर पुरुषोत्तम,
बँकेत नुसता पी. आर. दुडम.
रजिस्टर पोस्ट तीनदा परत गेलंय.
एक ओळ घातली: हिला जुन्याच नावानं हाक मारा.

बारा वीस. लिंक झालं.
आवाज वगैरे काही होत नाही,
कर्सर येऊन गप्प बसतो.
प्रोग्राम चालवला. तो म्हणाला,
शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही.

बाहेर मामानं माग हातानंच फिरवला, हळू,
गाठी फणीपाशी आल्या
आणि चोवीसशेंतल्या अकरा सुटल्या.
शिवी तेलुगूत दिली, ठेवणीतली.
चष्मा पुसला, स्टूल पुन्हा ओढलं.

चहाचा गाडा एव्हाना बंद झालेला.