देवाजी, तुमचा सलग सातवा दिवस

कोर्सचं खातं उघडलं तेव्हा
घरात एकच फोन होता, बाबांचा.
नावाची चौकट त्यानं स्वतःच भरून टाकली:
देवाजी निखाडे.
मी घाईत 'पुढे' दाबलं. बारावीची पोट्टी,
मला काय माहीत, नाव एकदा चिकटलं की
कूलरच्या जाळीतल्या क्षारासारखं
खरवडून निघत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी संख्याशास्त्र बाबा शिकतात.
म्हणजे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी आहे,
सक्करदऱ्याहून सायकल मी मारते
त्या वर्गापर्यंत, जिथल्या मॅडम दिवाळीपासून रजेवर आहेत
आणि फळ्यावर त्यांच्या हातचा अर्धा आलेख
कोणी पुसत नाही, कोणी पुरा करत नाही.
पण सराव चुकला की फोन हाक मारतो ती त्यांना.

एप्रिलात बाबा दिवसा घरी नसतातच.
मानेवाडा, दिघोरी, नंदनवन,
कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या खिडकीबाहेर लोंबकळत
जुनं गवत उपसतात, नवं भरतात, पंप बदलतात.
खिशातला फोन थरथरतो:
देवाजी, तुम्ही हे करू शकता.
'कोण आहे बे हा?' त्यांनी एकदा विचारलं.
'मले रोज शाब्बास म्हणून राहिला.
गिऱ्हाईक तर कोणी म्हणत नाही.'

रात्री फोन माझा.
कूलर चालू असला की सरांचा आवाज बुडतो,
बंद केला की आई उठून बसते.
म्हणून मी जिन्यात. पायऱ्या बारा वाजताही तापलेल्या,
पण बाराला नवा दीड जीबी उजाडतो.
सरांना दीडपट वेगानं पळवते, त्यांचे हात माशी हाकलल्यासारखे.
खाली अक्षरं उमटत जातात,
स्टँडर्ड डेव्हिएशनचं 'स्टँड अँड डिव्होशन' होतं,
मी तेच वहीत लिहिते, मग खोडते.
मध्येच सर थांबतात. 'समजलं?'
पाच सेकंद कॅमेऱ्याकडे बघत राहतात.
मी 'नाही' म्हणते, मोठ्यानं.
'छान,' सर म्हणतात, 'पुढे जाऊ.'

परीक्षा झाली. एक्क्याण्णव टक्के.
मेडिकल चौकातल्या झेरॉक्सवर रंगीत प्रिंट काढली,
वीस रुपये. कवडूभाऊंनी कागद उलटसुलट पाहिला,
'बाप कॉलेजात हाय का तुझा?'
मी हो म्हणून टाकलं.

नाव बदलून द्या, असं कंपनीला लिहिलं.
उत्तर तीन मिनिटांत:
प्रिय देवाजी, तुमची अडचण आम्ही समजू शकतो.
कृपया तुमचं ओळखपत्र जोडा.
कोणाचं जोडू?

बाबांनी कागद बल्बखाली धरला.
बोटांना ओल्या गवताचा वास.
सातवीत शाळा सुटली तेव्हा दाखला आणायलाही
ते गेले नव्हते, आजी सांगायची.
इंग्रजीतलं स्वतःचं नाव एकेक अक्षर करत वाचलं.
'एच एक जास्त पडला,' म्हणाले.
आणि मग, 'एक्क्याण्णव? नऊ कुठं गेले?'

सरासरीच्या प्रश्नात गेले, मी सांगितलं.
सरासरी म्हणजे, समजा, तुमच्या धंद्यात...
'मे महिन्यात दिवसाचे वीस फोन,' ते म्हणाले,
'पावसाळ्यात एक नाही. तुझ्या हिशोबानं दहा.
तो दहा फोनचा दिवस कोणता, सांग.
मी तर पाह्यला नाही कधी.'
एवढ्या व्हिडिओंत सरांनी हे विचारलं नव्हतं.
मी वही शोधायला उठले.

कागद त्यांनी पंपाच्या बिलांच्या डब्यात ठेवला,
घडी न घालता, म्हणून झाकण नीट बसत नाही.

पुढचा कोर्स संभाव्यतेचा. खातं तेच आहे.
साडेदहाला फोन वाजला,
देवाजी, आज अजून सुरुवात केली नाहीत.
'सांग त्याले,' बाबा भाकर मोडत म्हणाले,
'जेवून राहिलो.'