तीन इंच

पळशाच्या बाळनाथ गायधनींनी ताडपत्री ओढली
तर आधी वास आला.
गंधक, मोरचूद, वर बसलेल्या कोंबड्या.
मग ट्रॅक्टर दिसला. पंधरा हॉर्सपॉवर,
मोठ्या पारडाएवढा.

एकवीसशे तास चाललाय, म्हणाले.
मीटरवरही एकवीसशेच होते.
ते आकडे कधीपासून थांबलेत, हे मीटरलाच ठाऊक.
मी तेहेतीस वर्षं नोटप्रेसमध्ये शीट तपासल्या,
शाई केसभर सरकली तरी बोट आपोआप थांबायचं.
इथेही थांबत गेलं:
हायड्रॉलिकखाली ओल,
रेडिएटरच्या कोपऱ्यात एम-सील,
डावा टायर नवा, उजवा त्याचा आजोबा.
एक दहा, म्हणाले. मी पंच्याऐंशी.
चहा आला. त्र्याण्णव.
दुसरा चहा आला असता तर नव्वदला तुटलं असतं,
पण सूनबाईंना शाळेतून पोराला आणायचं होतं.

द्राक्षबागेत हिंडायला त्यांनी त्याला अंगचोर केलेला.
चाकं उलटी बसवून आत ओढलेली,
मडगार्डचे कान कापलेले, घडांना लागू नयेत म्हणून,
सायलेन्सर पोटाखालून वळवून बाजूला काढलेला,
तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या माणसासारखा.
बाग काढली, म्हणाले, मुलगा जरबेरा लावतोय.
शेडमध्ये हा नको त्याला.

मला हवा होता.
गिरणारे रोडला आम्हा प्रेसवाल्यांचे बारा प्लॉट,
घर फक्त माझं. बाकी अकरा घाणेरीचे.
ती कुंपण मानत नाही.
वर चढून बसले, तर क्लचला पाय पुरेना.
भाचा हसला, मग म्हणाला, मावशी, माणूस लाव ना.
लावला होता.
त्याने सोनचाफ्याचं रोप गवत समजून कापलं.

सातपूरला इलियासभाईंचा पत्र्याचा गाळा.
सीट पुढे घेऊ का?
पुढे घेतली तर स्टिअरिंग पोटाला लागेल.
ते माझ्या तोंडाकडे नाही, चपलेकडे बघत राहिले.
पेडलपासून टाचेपर्यंत टेप लावला,
खडूने फरशीवर लिहिलं: ३.
भंगारातून एक अँगल काढला.
कुणाच्या तरी बागेचाच होता,
मांडवाची तार अजून पीळ देऊन बांधलेली.
तीन इंच कापला.
नजर फिरवा, बाई.
मी पूरती फिरवली नाही. संध्याकाळभर
भातावर, भिंतीवर, भाच्याच्या कपाळावर
निळा ठिपका.

प्रेसमध्ये माझ्या स्टुलाखाली एक फळी असायची,
घरून नेलेली, पाय टेकायला.
साहेब फेरीला येणार म्हटलं की कुणीतरी ती उचलून
कपाटामागे ठेवायचं.
फेरी झाली की मी परत आणायचे.
तेहेतीस वर्षांत फळ्या तीन झाल्या.
स्टूल तेच.

चाकं पुन्हा सुलटी केली. आता तो पाय पसरून उभा राहतो,
एसटीत खिडकीची जागा मिळाल्यासारखा.
पुढे जेसीबीच्या जुन्या बकेटचं पातं,
मागे साखळीसाठी हुक.
सायलेन्सर वर काढू? इलियासभाईंनी विचारलं.
काढा.
धूर येईल तोंडावर.
येऊ दे. कुठून येतोय ते दिसेल तरी.

पहिल्या दिवशी सात बुंध्यांना साखळी लावली.
पाच निघाले, मुळांसकट, मातीचा भपकारा सोडत.
सहाव्याला त्याची पुढची चाकं उठली.
आभाळ पुढ्यात आलं, बॉनेटच्या जागी.
भाचा ओरडला काहीतरी.
माझा पाय आधीच खाली गेला होता,
तळव्याखाली तो तीन इंचांचा तुकडा, ऊन खाऊन तापलेला.
चाकं टेकली. इंजिन ठक् ठक् करत राहिलं.

सहावा दुसऱ्या दिवशी कुदळीने मोकळा केला, मग आला.
सातवा ठेवलाय.
त्याच्यावर बुलबुल येतात, आणि तसंही
साखळीची एक कडी उकललीय,
सातपूरला जायला हवं.