पन्नास नग

खोकं आधी मी वजनकाट्यावर ठेवलं.
प्रांजल हसली. बाबा, तुमची नोकरी संपली ना.
नोकरी संपली. बोटं संपली नाहीत.

अंबाझरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
गेज लावून पाहिलं: जाते, नाही जात.
जाते ती या पेटीत, नाही जात ती त्या पेटीत.
भोंग्यावर आत, भोंग्यावर बाहेर,
आणि घरी कोणी विचारलंच तर
काही नाही. काम.

हे खोकं तळहाताएवढं.
पन्नास नग, पितळेचे, शिशाची डोकी मेणाने ओशट,
रांगेत बसलेली, प्रार्थनेच्या तासाला बसवलेल्या पोरांसारखी.
कंपनीचं नाव आम्हा दोघांना उच्चारता येत नाही.
मधे तीन व्यंजनं एकमेकांच्या पायात पाय घालून उभी.
साल मात्र वाचता येतं.
त्या साली इथे भोसल्यांचं राज्य होतं
आणि माझा खापरपणजा, आज ज्याला गोळीबार चौक म्हणतात
त्याच्या मागच्या गल्लीत
मागावर धोतराचे काठ विणत होता.
चौकाला ते नाव कसं पडलं
हे आजोबांनी कधी सांगितलं नाही.
विचारलं की धोटा जोरात फेकायचे.

गोळी म्हटलं की आई लिमलेटची समजायची.
माझी रक्तदाबाची, सकाळची, अर्धी.
प्रांजलची ही तिसरी.

मानकापूरला म्हणे पाच लॉट आलेत.
रायफल शिकंज्यात आवळून
प्रत्येक लॉटचे दहा बार काढायचे,
ज्याचा घोळका लहान तो लॉट तिचा.
एकच कारखाना, एकच यंत्र, एकाच लगडीचं शिसं,
तरी मंगळवारचा माल तिच्या रायफलला मानवतो
आणि गुरुवारचा नाही.
तिला याचं मोठं नवल.
मले माहीत हाये, मी म्हणालो.
गुरुवारी माणूस वेगळा असते.

झाकणाच्या आत, कोपऱ्यात, निळ्या शाईचा ठसा,
थोडा तिरका: चौदा.
चौदा म्हणजे कोणी बाई असेल, नाहीतर बाप्या,
बर्फ पडणाऱ्या गावात, खिडकीजवळच्या टेबलावर,
चष्मा कपाळावर ढकलून.
माझा आकडा एकतीस होता.
चौदा, तुमची कंबर कशी आहे?
शिशाचा वास साबणाने जातो का तुमच्याकडे?
घरी विचारलं तर काय सांगता?

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
खोकं ठेवायचं कुठे यावरून आमचं भांडण.
गच्चीखालच्या खोलीत भट्टी. कूलरपाशी ओल.
शेवटी कुलपाच्या कपाटात,
तिच्या आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत.
चाव्या प्रांजलकडे. परवानाही तिच्याच नावाचा.
या घरात पहिल्यांदाच
दारूगोळ्याच्या कागदावर कोणाचं तरी नाव आहे.

संध्याकाळी ती कागद घेऊन येते.
पन्नास मीटरवरचं काळं वर्तुळ,
मधोमध एकच भोक, कडा फाटकी,
दहा गोळ्यांनी मिळून पाडलेलं.
एक गेली जराशी डावीकडे.
तो श्वास होता, ती म्हणते, आणि आंघोळीला जाते.

बत्तीस वर्षांत मी पास केलेला एकही नग
परत आला नाही सांगायला
की कुठे लागला.
आणि हा कागद रोज येतो, घामाने मऊ झालेला,
डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्याशेजारी.

मी तो उचलतो.
भोकाला डोळा लावतो.
पलीकडे अंगणात तिची आई
तारेवरचे कपडे काढून राहिली.
एक चादर, एक परकर, माझा जुना खाकी शर्ट.
ती थांबते. इकडे वळते.
काय पाहून राहिले हो?

मी कागद खाली घेतो.
काही नाही, म्हणतो. काम.