काजळी वळेल एवढा

शनिवारी पहाटे साडेपाचला लीद काढली,
खरारा केला. काजळीनं नेहमीसारखी
माझ्या स्वेटरची बाही चावली.
इलाहीचाचा म्हणाले, मागचा डावा नाल हलतोय,
नालबंद सोमवारशिवाय यायचा न्हाई,
तोवर दुडकीच. उडी नको.

नऊला पाचगावात फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट पुढच्या वर्षी.
एजंट बाबासो दारातच नाक मुरडून थबकले;
गमबूट बदलायला मी विसरले होते.
"पूर्वेकडं तोंड हाय, मॅडम."
मी बघत होते पाण्याचा उतार कुणीकडं,
या फरशीवर खूर घसरेल का.

दुपारी कळंबा. संध्याकाळी पुन्हा रिंगण,
रिकिबीतून पाय सुटला, तोंडात माती.
रविवारी उजळाईवाडी, दोन घरं,
कोपर सुजलेलं.
आत्याचा फोन: हॉल केवढाय गं?
काजळी वळेल एवढा.

शेवटच्या घरात मागची खिडकी उघडली.
खाली उसाचा फड, कुणीतरी वाढं बांधत होतं.
सवयीनं जिभेनं टक् केलं.
रिकाम्या खोल्यांनी टक् परत दिलं.
"काय म्हणालासा?" बाबासोंनी विचारलं.
"काही नाही. डिपॉझिट किती?"