टाका

आमच्या गल्लीत पोरं भांडतात ती फुटबॉलच्या पेठेवरून.
स्वरूप एकटाच भिंतीवर खडूचे तीन स्टंप काढून
कोपऱ्यावरच्या रिक्षापासून धावत यायचा.
ह्याला काय झालंय, लोक विचारायचे,
आणि तात्या रापी न थांबवता म्हणायचे,
"ताप न्हाई. हात लावून बघिटलाय."

मी वेणी घालते. केसांची नव्हे,
चपलेच्या पट्ट्यावरची.

पहिला खरा लाल चेंडू घरी आला
तेव्हा तात्यांनी तो आधी नाकाला लावला.
"तुरटीत कमावलंय हे. आपलं हिरड्या-बाभळीचं."
मग नखानं शिवण चाचपली, ओळ न् ओळ,
आणि एका जागी थांबले.
"हितं टाका सैल हाय. हिकडंच वळंल बघ."
दुसऱ्या दिवशी शास्त्रीनगरच्या मैदानावर तो तिकडंच वळला.
असं स्वरूप सांगतो. मी पाहिलं नाही,
मला त्या दिवशी कापशीचे चाळीस जोड होते.

नंतरचं सगळं उधारीच्या वहीत आहे,
मागच्या पानापासून उलटं लिहीत आलेले मी.
चौदा वर्षांखालील, सोळा, एकोणीस.
पुण्याची खोली, चौघांत एक गिझर.
रणजीचे तीन सामने, अकरा बळी,
त्यातले पाच एकाच दुपारी,
ज्या दुपारी सगळ्या टीव्हींवर दुसरीच मॅच चालू होती.
मग कुशीत काहीतरी तटकन झालं.
मग अख्खा मोसम पाण्याच्या बाटल्या.
त्या वर्षी पांढरे कपडे किती स्वच्छ घरी यायचे.
मी तरी घासत राहायची.

लिलावाच्या दिवशी शेजारच्या दुकानातनं टीव्ही आणला.
यादीत नाव होतं, चारशे कितव्या तरी नंबरला.
दोनदा चहा झाला, एकदा भडंग.
निवेदक म्हणाला, उरलेली नावं आता भराभर घेऊ.
भराभर म्हणजे न घेता,
हे आम्हाला रात्री कळलं.
"बरं झालं," तात्या म्हणाले,
"वीस लाखाला पोरगं कोण इकतंय."
कुणी हसलं नाही. ते हसायला सांगतही नव्हते.

आता तो नेटमध्ये बोलिंग करतो, मोठ्या संघाच्या मोठ्या माणसांना.
दिवसाचे पैसे, जेवण,
एक टोपी, जी संध्याकाळी परत द्यायची.
परवा आला तेव्हा सांगत होता,
ज्याचं पोस्टर आपल्या माळ्याच्या दारावर अजून आहे
तो समोर उभा राहिला, ग्लोव्हज ओढले
आणि म्हणाला, "टाका."
नाव ठाऊक नव्हतं म्हणून असेल,
पण अहो-जाहो केलं.

तात्यांनी आरी खाली ठेवली.
"टाका म्हणाला?"
"टाका म्हणाला."
हा शब्द आमच्या घरात दिवसाला शंभरदा होतो.
असा कधी ऐकला नव्हता.

मग, टाकलास का, मी विचारलं.
"टाकला. पण चुकला, पायावर पडला. त्यानं भिरकावला लांब."
"मग?"
"मग परत म्हणाला, टाका."

उजव्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पडलंय.
चेंडू सुटताना तो पाय जमिनीवरून फरपटत येतो म्हणे.
नव्या बुटांची किंमत त्यानं सांगितली,
मी वहीत लिहिली नाही.
रात्री तात्यांनी म्हशीच्या कातड्याचा तुकडा तासून
भोकावर बसवला, मेण ओढलेल्या दोऱ्यानं, बारा टाके.
एवढं जपून त्यांनी नवरदेवाचा जोडही शिवला नसेल.

साडेपाचची एसटी.
बूट घालून तो फरशीवर दोन पावलं चालला.
"करकर घालू काय आत?" तात्या म्हणाले.
"विंचवाचं बी हाय शिल्लक.
त्या फलंदाजाला कळू दे, कोण आलंय."
"नको," स्वरूप म्हणाला, "कळायलाच नको त्याला."

रिक्षा कोपऱ्यावरून वळली
तरी ते बी तात्यांच्या मुठीतच होतं.
मी वेणीला बसले. आज बावीस जोड.