डाव्या हाताची बोटं

हेमल भोईर, वय तेवीस,
घणसोली गावात काकाच्या मंडप डेकोरेशनच्या गोदामावर,
पोटमाळ्यात शिकवतो.
खाली बांबू, हळदीच्या रात्रीचे स्पीकर, घडी घातलेल्या झालरी.
वर दोन शाळकरी पोरं
आणि मी.

"गानी मंगशी, ताई. पयले शिरी चढा, मंग उतरा."

दोन पडदे, दोन पडदे, एक.
दोन, दोन, दोन, एक.

सिन्नरला पेटी शिकले तेव्हा
हे कुणी मोजून दाखवलं नव्हतं :
सा आणि रे यांच्यामध्ये एक खोली रिकामी असते,
रे आणि ग यांच्यामध्येही,
पण ग आणि म
सिडकोच्या बैठ्या घरांसारखे
एकाच भिंतीला पाठ लावून.
इकडे फोडणी पडली
की तिकडे ठसका.

रात्री साडेदहाला, ओटा पुसून झाल्यावर,
मागच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या बनियनांखाली बसते.
कुणीतरी लिफ्टचं दार उघडं टाकलेलं असतं.
कृपया दरवाजा बंद करा, कृपया दरवाजा बंद करा...
ती बाई लयीला पक्की.
तिच्या लयीत चढते, तिच्या लयीत उतरते,
आणि पंचमाशी अडते.
करंगळी पोचतच नाही,
किंवा पोचते, आणि तार नुसती कण्हते.

आतून नवरा : कुठलं गाणं गं हे?
गाणं नाही. शिडी.

सोमवारी महापेला, ऑफिसच्या हजेरी यंत्रावर
डावी तर्जनी ठेवली
(उजवीवर लहानपणी भाजल्याची खूण).
लाल दिवा.
ओढणीला पुसून पुन्हा ठेवली. लाल.
'पुन्हा प्रयत्न करा.'
अगदी हेमलसारखं.
एकोणीस वर्षं याच बोटानं इथली व्हाउचरं उलटते आहे.
मागे रांग वाढली. कुणी म्हणालं, मॅडम, जरा ओलं करून बघा.

एचआरच्या पोरीनं बोट ट्यूबलाइटखाली धरलं.
"घट्टे पडलेत, मॅडम. काय करता एवढं?"

तारेच्या रुंदीची चार खळगी,
दीड महिन्याची कमाई
तिच्या तळहातावर आयती ठेवलेली.
म्हटलं,
"भांडी."

मग तिनं एकेक बोट लावून पाहिलं.
मधलं, लाल. त्याच्या शेजारचं, लाल.
करंगळी
झटकन हिरवी.

हे हेमलला कळता कामा नये.